‘लक्ष्मी’ नामाचा अर्थ आणि गृहस्थाचा संकल्प

मनुष्य जन्मास येतो तेव्हा त्याच्यापाशी स्वतःचे असे काहीही नसते. अन्न, वस्त्र, आश्रय ही मागाहून मिळतात आणि पुढे सुटतातही. परंतु बाराव्या दिवशी पाळण्यापाशी त्याच्या कानात जे नाव सांगितले जाते, ते देहाच्या अंतापर्यंत आणि पुष्कळदा त्यानंतरही त्याची सोबत करते. म्हणूनच धर्मशास्त्राने नामकरणाला केवळ लौकिक सोय न मानता संस्कार मानले. ज्याला नाव मिळते त्याने ते मागितलेले नसते. अर्थात या दानाची पहिली जबाबदारी घेणाऱ्यावर नसून देणाऱ्यावर असते. मुलीच्या नावाविषयी तर हा विचार अधिकच करावा लागतो. कारण आपल्या समाजात तिला पुष्कळदा दोनदा नाव दिले गेले, एकदा माहेरी पाळण्यात आणि एकदा सासरी तांदळाच्या ताटात.

‘लक्ष्मी’ हे असेच एक नाव होय. भारतवर्षाच्या सर्व प्रांतांत ते चालते. महाराष्ट्रात त्याला ‘बाई’ जोडले जाते, कर्नाटकात व आंध्रात ‘अम्मा’. बंगालात शांत, गुणी बालकाला कौतुकाने याच नावाने हाक मारतात. कमला, पद्मा, रमा, इंदिरा, हरिप्रिया ही अमरकोशात आलेली तिची पर्यायनामे घरोघरी मुलींना मिळालेली आहेत. आपल्याकडे दारी बांधलेली गाय लक्ष्मी, घर झाडणारी केरसुणीही लक्ष्मी. तिला पाय लागला तर नमस्कार केला जातो आणि आश्विन अमावास्येला तिचीही पूजा होते. मराठवाड्यात व विदर्भात भाद्रपदातल्या गौरींना लोक ‘महालक्ष्म्या’च म्हणतात. इतके परिचित नाव. परंतु परिचयाने अर्थ झाकला जातो हेही खरे. ‘लक्ष्मी म्हणजे धन’ एवढे म्हणून आपण थांबतो आणि मुलीला ते नाव देताना आपण कोणता संकल्प करतो, याचा विचार राहून जातो.

या विचाराला झाशी नगरातील एक जागा विशेष उपकारक आहे. झाशीच्या जुन्या तटाला अनेक दरवाजे होते. दतिया, ओरछा, सागर, भांडेर, बडागाव ही त्यांपैकी काहींची नावे. दरवाज्यातून बाहेर पडणारी वाट ज्या गावाला जाते, त्या गावाचे नाव त्या दरवाज्याला, असा हा साधा व्यवहार होय. त्यांतच एक लक्ष्मी दरवाजा आहे. त्यातून निघणारी वाट कोणत्या लक्ष्मीपुराला जात नाही; ती लक्ष्मी तलावाकडे आणि तेथील महालक्ष्मीच्या मंदिराकडे जाते. झाशीचे नाव घेतले की राणी लक्ष्मीबाई आठवते, म्हणून हा दरवाजाही राणीच्याच नावाचा असावा असे प्रवाशाला वाटते. वस्तुतः हे देवालय मराठ्यांच्या सुभेदारीतले, १८ व्या शतकातले. राणीला लक्ष्मी हे नाव मिळाले १८४२ मध्ये. देवी आधीची, राणी मागाहूनची. राणी या देवीच्या दर्शनाला कधी पालखीतून तर कधी घोड्यावरून जात असे, हे चरित्रकारांनी नोंदविले आहे. आणि १८५३ मध्ये पती निवर्तल्यावर त्यांची छत्री तिने उभारली तीही याच तलावाच्या परिसरात. जिच्यावरून नाव मिळाले ती देवी आणि ज्यांच्या घरात ते नाव मिळाले त्या पतीचे स्मारक, दोन्ही एका तलावापाशी. त्या एका नावाची पुरती परीक्षा या दोन वास्तूंच्या मध्ये झाली.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. ‘लक्ष्मी’ हा शब्द ‘लक्ष्’ या धातूपासून होतो. पाहणे, खूण करणे, नीट ध्यानात घेणे हा त्या धातूचा अर्थ. लक्षण, लक्ष्य, लक्ष ही सर्व त्याचीच कुटुंबीय मंडळी. तेव्हा मूळ अर्थाने लक्ष्मी म्हणजे खूण, चिन्ह, ज्यावरून वस्तू ओळखावी ते लक्षण. धन हा अर्थ नंतरचा. तोही एवढ्याचसाठी की भरलेले घर ओळखण्याची धन ही सर्वांना दिसणारी एक खूण आहे. खूण आणि खुणेने ओळखली जाणारी वस्तू यांत लोक नेहमीच गोंधळ करतात. येथेही तसेच झाले.

व्याकरणाच्या अभ्यासकाला या शब्दात आणखी एक मर्म दिसते. संस्कृतात नदी, देवी, गौरी हे शब्द प्रथमेच्या एकवचनात विसर्गावाचून राहतात. ‘लक्ष्मीः’ मात्र विसर्गासह येतो. पाठशाळेतील मुले येथे हटकून चुकतात आणि गुरुजी त्यांना थांबवून कारण सांगतात. देवी हा शब्द देव या पुल्लिंगी शब्दाला स्त्रीवाचक ‘ई’ लावून झाला. नदी ही तशीच नदापासून झाली. परंतु ‘लक्ष्मी’तील ‘ई’ स्त्रीवाचक प्रत्ययाचा नव्हे. तो धातूलाच लागलेला उणादि प्रत्यय आहे. याचा अर्थ असा की, लक्ष्मी हे कोणा पुल्लिंगी शब्दाचे स्त्रीरूप नाही. तो शब्द कोणाच्या आधाराने उभा राहिलेला नाही. तो आपल्या धातूवर स्वतः उभा आहे. वैयाकरणांना हा केवळ विसर्गाचा प्रश्न वाटला असेल. गृहस्थाने मात्र त्यातील अर्थ ओळखावा. पुढे त्याचे प्रयोजन पडणार आहे.

वेदांत हा शब्द कसा आला आहे? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात विद्वज्जनांचे वर्णन आले आहे. चाळणीने सातू गाळावे तशी जे मनाने वाणी गाळून घेतात, त्यांच्या वाणीत कल्याणकारी लक्ष्मी वसते असे तेथे म्हटले आहे. म्हणजे लक्ष्मीचे एक जुने निवासस्थान वाणी हे आहे, तिजोरी नव्हे. अथर्ववेदात तर याहून विलक्षण विचार आढळतो. मर्त्य मनुष्याच्या देहाबरोबर एकशे एक लक्ष्मी जन्माला येतात. त्यांतील काही पुण्यकारक, काही पापकारक. ज्या पापकारक असतील त्यांनी दूर जावे आणि ज्या कल्याणकारक असतील त्यांनी येथे राहावे, अशी तेथे प्रार्थना आहे. प्रत्येक बालकात अनेक लक्षणे सुप्त असतात. त्यांपैकी कोणती जोपासावी आणि कोणती निवारावी हे घराने ठरवावयाचे असते, असा त्याचा आशय घेता येतो. शुक्ल यजुर्वेदात श्री आणि लक्ष्मी या परमपुरुषाच्या दोन पत्नी म्हणून येतात. पुढे त्या दोन्ही एकरूप झाल्या. विष्णुपुराणाने तिचे आणि विष्णूचे नाते शब्द आणि अर्थ यांच्या नात्यासारखे सांगितले: तो अर्थ, ती वाणी. अर्थावाचून वाणी पोकळ आणि वाणीवाचून अर्थ मुका. नावाचेही तसेच आहे. नाव उच्चारले पण त्याचा अर्थ घरात कोठे दिसला नाही, तर ती पोकळ वाणी होय.

नाव कसे असावे याविषयी शास्त्रकारांनी बारकाईने विचार केला आहे. मनुस्मृतीने मुलीच्या नावाविषयी सांगितलेली लक्षणे आजही कोणाला पटावीत अशी आहेत: ते सहज उच्चारता यावे, कठोर नसावे, त्याचा अर्थ स्पष्ट असावा, ते मनाला आवडावे, मंगल असावे, अंती दीर्घ स्वर असावा आणि त्यात आशीर्वाद असावा. महाराष्ट्रातील नामकरणविधीत तर देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे येतात. म्हणजे कुलदेवता, काळ, आकाश आणि लोकव्यवहार या चौघांशी त्या जीवाचे नाते जोडले जाते. परंतु शास्त्र सांगते आणि लोक आपल्या प्रेमाने त्यात भर घालतात. त्याच मनुस्मृतीत नक्षत्र, वृक्ष, नदी यांची नावे असलेली कन्या वधू म्हणून निवडू नये असे वचन आहे. तरी गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, तुळसा, रोहिणी या नावांनी महाराष्ट्राची घरे भरलेली आहेत. नदीला माता मानणाऱ्या लोकांनी ते वचन आदराने बाजूला ठेवले. राणीच्या आईचेच नाव भागीरथी होते.

त्या भागीरथीबाईंची व मोरोपंत तांबे यांची कन्या काशीक्षेत्री जन्मली आणि तेथील तीर्थावरून तिचे नाव मणिकर्णिका ठेवले गेले. काशीखंडात त्या तीर्थाची कथा आहे: विष्णूने चक्राने कुंड खणून तप केले, ते पाहून शंकरांनी आनंदाने मस्तक डोलविले आणि त्यांच्या कानातील मण्यांचे भूषण त्या कुंडात पडले. त्याच तीर्थाच्या काठी अखंड चिता जळतात. जेथे देवाचे कर्णभूषण पडले तेथेच मनुष्याची सर्व भूषणे गळून पडतात, असे हे स्थान. लाडाने त्या मुलीला मनू म्हणत. ब्रह्मावर्ती दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाला ती वाढली, तेथे तिला छबेली म्हणत असेही सांगतात. १८४२ मध्ये झाशीचे अधिपती गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली.

आपल्याकडील हा विधी सर्वांच्या परिचयाचा आहे. नववधू उंबरठ्यावरचे तांदळाचे माप उजव्या पायाने लवंडून घरात येते, लक्ष्मीपूजन होते, ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने तिचे नवे नाव लिहिले जाते आणि साखर वाटली जाते. या विधीचा हेतू काय? वधू ही घरात आलेली पाहुणी नव्हे, ती त्या घराची लक्ष्मी होय, हे घराने सर्वांसमक्ष मान्य करावयाचे असते. मनुस्मृतीनेही गृहातील स्त्री आणि श्री यांत काही भेद नाही असे सांगितले आहे. म्हणजे नाव जरी वधूचे लिहिले जात असले तरी प्रतिज्ञा घराची असते. दत्तविधानातही हेच घडते. गंगाधररावांनी मृत्यूपूर्वी एक दिवस, २० नोव्हेंबर १८५३ रोजी, आपल्या कुळातील आनंदराव नावाच्या बालकाला दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. काही महिन्यांचा होऊन गेलेल्या त्यांच्या औरस पुत्राचे नावही दामोदरच होते. जो परक्या घरातून आला त्याला आपल्या मुलाचे नाव देणे म्हणजे आता तुझे सर्व आम्ही पाहू असे वचन देणे. नव्या नावाचे मर्म या वचनात आहे.

आता परीक्षेचा प्रसंग पाहावा. २१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव निवर्तले. कंपनी सरकारने दत्तक पुत्राचा राज्यावरील हक्क मानला नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. राणीला मासिक ५,००० रुपयांचे वेतन ठरले आणि किल्ला सोडून तिला नगरातील वाड्यात राहावे लागले. पुत्र गेला, पती गेला, राज्य गेले. ‘लक्ष्मी म्हणजे धन’ असाच अर्थ असता, तर हे नाव त्या दिवशीच खोटे ठरले असते. ‘लक्ष्मी म्हणजे सौभाग्य’ असा अर्थ असता, तरीही खोटे ठरले असते. कारण त्या काळच्या समाजाने, आणि काही घरांत आजच्याही, विधवेला मंगल कार्यातून दूर ठेवले आहे. परंतु लोकांनी तिला लक्ष्मी म्हणणे सोडले नाही. उलट त्या नावाला पूर्वी कधी नव्हते इतके तेज त्यानंतरच्या चार वर्षांत आले. १८५७ मध्ये झाशीचा कारभार तिच्या हाती आला, १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजच्या सैन्याने नगराला वेढा घातला, एप्रिलच्या आरंभी ती वेढ्यातून बाहेर पडली आणि जूनमध्ये ग्वाल्हेरपाशी लढता लढता तिने देह ठेवला. वरसईचे विष्णुभट गोडसे वेढ्याच्या वेळी झाशीत होते. त्यांच्या प्रवासवृत्तात त्या दिवसांतल्या नगराचे आणि राणीचे प्रत्यक्ष पाहिलेले वर्णन आहे.

वर सांगितलेला विसर्ग येथे आठवावा. लक्ष्मी हा शब्द कोणा पुल्लिंगी शब्दाचे स्त्रीरूप नाही, असे व्याकरण सांगते. जी राणी पतीमुळे राणी झाली, ती पती गेल्यावर राणी राहिली नसती तरी कोणी दोष दिला नसता. परंतु लक्ष्मी हे नाव तिला पतीच्या घरी मिळाले असले तरी ते पतीच्या आयुष्यावर अवलंबून नव्हते. ते तिच्या स्वतःच्या धातूवर उभे होते. म्हणून एखाद्या स्त्रीचा पती निवर्तला म्हणजे ‘घरची लक्ष्मी गेली’ किंवा ‘ती आता अशुभ झाली’ असे म्हणणारे शास्त्राशी आणि भाषेशीही विसंगत बोलतात. तलावाकाठच्या त्या छत्रीपुढून तीच विधवा महालक्ष्मीच्या दर्शनाला जात असे. देवीने तिला परत पाठविल्याचे कोणी ऐकलेले नाही.

भगवद्गीतेचा या विषयावरील निर्णय विभूतियोगात आहे. दहाव्या अध्यायाच्या चौतिसाव्या श्लोकात भगवान स्त्रीवाचक विभूती सांगतात: कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती आणि क्षमा. ही सातही नावे आज आपल्या मुलींना दिलेली आढळतात. परंतु या श्लोकाचा पूर्वार्ध बहुधा वाचकाच्या ध्यानातून निसटतो. तेथे भगवंतांनी म्हटले आहे की, सर्वांचे हरण करणारा मृत्यू मी आहे आणि पुढे होणाऱ्यांचा उद्भवही मीच आहे. मृत्यू आणि श्री एकाच श्लोकात, एका श्वासात सांगितली आहेत. जे हिरावले जाते ते भगवंतांचे आणि हिरावून नेल्यावरही जे उरते तेही भगवंतांचेच. मृत्यूने नेण्याजोगी जी संपत्ती, ती येथे सांगितलेली श्री नव्हे. शिवाय श्रीला एकटी ठेवलेले नाही. तिच्या एका बाजूला कीर्ती आणि दुसऱ्या बाजूला वाणी आहे, आणि त्यापुढे स्मृती, मेधा, धृती व क्षमा आहेत. धृतीवाचून श्री टिकत नाही, क्षमेवाचून ती शोभत नाही. श्रीमद् आद्य शंकराचार्यांनी या ठिकाणी भाष्यात म्हटले आहे की, या सात स्त्रियांच्या केवळ आभासमात्र संबंधानेही लोक स्वतःला कृतार्थ मानतात. नाव हा तर निदान तसा आभासमात्र संबंध खासच आहे. आभासापासून साक्षात्कारापर्यंत जावयाचे हाच नावाचा संकल्प.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. सासरी नवे नाव मिळाले म्हणजे माहेरच्या नावाचे काय? पाळण्यात आईबापांनी जे प्रेमाने ठेवले, ते पुसून टाकावे काय? गीतेत याचे उत्तर वादाने नव्हे, हाकेने दिलेले आहे. शूरसेनाची कन्या पृथा. तिला कुंतिभोजाने आपली कन्या म्हणून वाढविले आणि ती कुंती झाली. दोन घरे, दोन नावे. तिचा पुत्र अर्जुन रणांगणावर व्याकूळ होऊन बसला असता भगवान त्याला कधी ‘कौंतेय’ म्हणतात आणि कधी ‘पार्थ’. मातेचे कोणतेही नाव भगवंतांनी टाकले नाही. जन्माच्या घराचे नाव आणि मिळालेल्या घराचे नाव, दोन्ही त्यांच्या मुखी समान आदराने येतात. शिवाय पुत्राला मातेच्या नावाने ओळखणे हे गीतेत इतके सहज आहे की पहिल्या अध्यायात द्रौपदेय आणि सौभद्र हे वीरही मातांच्या नावांनीच उभे राहतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये असा निर्णय केला की, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर प्रथम आईचे नाव लिहावे. ज्यांना हे नवे वाटले त्यांनी ‘पार्थ’ आणि ‘कौंतेय’ या संबोधनांचा अर्थ पुन्हा मनात आणावा.

म्हणून लक्ष्मीने मणिकर्णिकेला पुसावयाचे नसते. योगायोग असा की, महाराष्ट्रात आणखी एका मुलीच्या बाबतीत हीच दोन नावे आली. १८६८ मध्ये जन्मलेली मनकर्णिका गोखले ही नारायण वामन टिळकांची पत्नी होऊन लक्ष्मी झाली. नारायणाची पत्नी लक्ष्मी, हा नामविचार उघडच आहे. पुढे पतीच्या मागून त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी नाव लक्ष्मीबाईच राहिले, आणि ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राने ते मराठी वाङ्मयात स्थिर झाले. गीतेने श्रीच्या पंक्तीला बसविलेल्या वाणी आणि स्मृती या दोन्ही विभूती त्या नावाला तेथे येऊन मिळाल्या. तसेच १९४३ मध्ये सिंगापुरात आझाद हिंद सेनेची स्त्रियांची पलटण उभी राहिली. तिचे नाव झाशीच्या राणीवरून ठेवले गेले आणि तिच्या प्रमुख होत्या मद्रासच्या डॉक्टर लक्ष्मी स्वामिनाथन. देवीवरून राणीला, राणीवरून पलटणीला आणि २०२१ च्या अखेरीस झाशीच्या रेल्वेस्थानकालाही हे नाव मिळाले. नाव देणारे घर कधीच मोडले. नाव मात्र चालतच राहिले.

परंतु ज्या घराने नाव दिले त्या घरातच ते किती वेळा उच्चारले जात असे? हा प्रश्न जुन्या चालीरीतींच्या अभिमान्यांनी स्वतःला विचारावा. तांदळात सोन्याच्या अंगठीने लिहिलेले नाव दुसऱ्या दिवशी तांदळाबरोबर डब्यात जाई. पुढे ती सूनबाई, वहिनी, काकू, अमक्याची आई होई; पती ‘अगं’ एवढीच हाक मारी. पत्नीने पतीचे नाव उखाण्यात तरी घ्यावे अशी चाल होती. तिचे नाव घेण्यासाठी मात्र तशी नेमाची चाल नव्हती. पुष्कळ वृद्धांना आपल्या आजीचे नाव ठाऊक नसते, ते तिच्या श्राद्धाच्या दिवशी संकल्पात प्रथम कानी पडते. जिला लक्ष्मी म्हणून घरात आणले तिचे नाव आयुष्यभर कोणी घेतले नाही, तर ती प्रतिज्ञा घराने पाळली असे म्हणता येणार नाही. श्रीमद्भागवतातील अजामिळाने आपल्या मुलाला ‘नारायण’ अशी हाक मारली आणि त्या हाकेने त्याचा उद्धार झाला. तो मुलाला हाक मारीत होता; ऐकणारा दुसराच होता. देवतेचे नाव मुलांना देण्याचा मोठा लाभ हाच की, घरातील साधी हाकही नामस्मरण होते. हाकच मारली नाही तर तो लाभ कोठून होणार?

याहून दुःखद गोष्ट आहे. मुलीला लक्ष्मी म्हणणाऱ्या याच महाराष्ट्रात, मुलगी नको असताना ती झाली म्हणून तिचे नाव ‘नकोशी’, ‘नकुसा’ असे ठेवण्याची चाल काही घरांत होती. पुढची मुलगी होऊ नये, मुलगा व्हावा, अशी त्यामागची भावना. सातारा जिल्ह्यात २०११ च्या ऑक्टोबरमध्ये अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलग्यांमागे मुली ८९४ आढळल्या. ‘नकोशी’ म्हणून हाक मारलेल्या मुली निदान जन्मल्या तरी. ज्यांना नाव ठेवण्याची वेळच येऊ दिली नाही त्यांचा हिशेब या आकड्यात दडलेला आहे. अथर्ववेदाने पापी लक्ष्मीला घालवून पुण्यलक्ष्मीला ठेवावे म्हटले. येथे लोकांनी अलक्ष्मी घरात ठेवून लक्ष्मीलाच दाराबाहेरून परत पाठविले. दिवाळीत सूप वाजवून अलक्ष्मीला हाकलणाऱ्या घराने हे ध्यानात घ्यावे की अलक्ष्मी कोपऱ्यातल्या केरात नसते. ‘पुन्हा मुलगीच का’ या उद्गारात ती बसलेली असते.

तेव्हा गृहस्थाने काय करावे? गोष्टी लहान आहेत, परंतु संस्कार लहान गोष्टींनीच होतात. मुलीचे नाव ठेवताना त्याचा अर्थ स्वतः समजून घ्यावा आणि ती समजू लागली म्हणजे तिला तो सांगावा. तिला तिच्या नावाने, पूर्ण आणि स्पष्ट उच्चारून हाक मारावी. विवाहात नाव बदलावयाचे तर ते तिच्या इच्छेने बदलावे. तिला आपले पहिले नाव ठेवावेसे वाटले तर तांदळाच्या ताटात तेच नाव लिहावे, कारण विधीचे मर्म नव्या अक्षरांत नसून घराच्या वचनात आहे. नवे नाव दिले तरी माहेरचे नाव घरात आनंदाने उच्चारले जावे. घरातील विधवेला हळदीकुंकवाच्या दिवशी माजघरात बसवून ठेवू नये. तिच्या हातून पहिला दिवा लावावा. लक्ष्मी ही खूण आहे हे विसरू नये: घरातील स्त्री सन्मानाने बोलते आहे काय, तिला निर्णयात स्थान आहे काय, तिच्या ताटात पोटभर वाढले जाते काय, या खुणांवरून त्या घरी लक्ष्मी आहे की नाही हे ओळखावे. तिजोरीची किल्ली पाहून ओळखू नये.

आणि लक्ष्मी नाव मिळालेल्या मुलीला काय सांगावे? तिला ‘तू आमच्या घरी धन आणशील’ असे सांगू नये. तो तिच्यावर टाकलेला भार आहे. तिला झाशीच्या त्या दरवाज्याची गोष्ट सांगावी. इतर दरवाजे गावांकडे जात, हा एक देवीकडे जात असे. त्या वाटेने एक स्त्री सौभाग्यात गेली आणि वैधव्यातही गेली. राज्य असताना गेली आणि नसतानाही गेली. दोन्ही वेळा तिचे नाव तेच होते आणि ते खरे होते. ज्या भगवंतांनी मृत्यू मी आणि श्रीही मीच असे सांगितले, त्यांच्या त्या वचनाचा भावार्थ तिला त्या नावातून कळावा. गीतेच्या शेवटच्या श्लोकात संजय सांगतो की, जेथे श्रीकृष्ण आणि पार्थ आहेत तेथे श्री आहे, विजय आहे, ऐश्वर्य आहे आणि अढळ नीती आहे. त्या अखेरच्या वाक्यातही अर्जुनाला ‘पार्थ’ म्हणजे पृथेचा पुत्र असेच म्हटले आहे. जेथे मातेचे नाव टिकते तेथेच श्रीचे नाव उच्चारले जाते, एवढे गृहस्थाने त्यातून घ्यावे आणि आपल्या घरातील लक्ष्मीला आज तिच्या नावाने हाक मारावी.